कॉपी झाली, पण सगळं पोचलं का? जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा नेताना

बेळगाव : तुळशीचं लग्न लागलं की फोटो स्टुडिओवाल्यांची पहिली धावपळ कॅमेऱ्याची नसते, जागेची असते. मागच्या हंगामातली लग्नं, मुंजी, वास्तुशांती कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडून बसलेली असतात आणि नव्या हंगामासाठी डिस्क रिकामी हवी असते. मग एक-दोन टेराबाइटची नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क येते, जुना फोल्डर माउसनं उचलून तिच्यावर सोडला जातो आणि शटर अर्धं ओढून मालक जेवायला घरी जातो. हिरवी पट्टी सरकत राहते. रात्री कधीतरी वीज जाते, नाहीतर केबल जरा हलते, नाहीतर एखादी फाइल वाचता येत नाही म्हणून विंडोज एक प्रश्न विचारून सकाळपर्यंत उत्तराची वाट बघत बसतं.

सकाळी नव्या डिस्कवर फोल्डर दिसतो. आत फोटोही दिसतात. किती आले आणि किती राहिले हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. ‘कट-पेस्ट’ केलं असेल तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. गिऱ्हाईक दारात उभं असतं, म्हणून दोन-चार फोटो उघडून बघायचे, ‘झालंय’ म्हणायचं आणि जुना फोल्डर पुसून टाकायचा. सहा महिन्यांनी कुणीतरी अल्बमसाठी येतं आणि मंगलाष्टकांच्या वेळचे फोटो उघडतच नाहीत.

हे दुखणं फक्त स्टुडिओंचं नाही. जीएसटी आल्यापासून दुकानदारांचे हिशेब डिस्कवरच आहेत. हैदराबाद, इंदूर, वडोदरा इथल्या मराठी मंडळींकडे जुन्या नाटकांची आणि गणेशोत्सवांची चित्रीकरणं कॅसेटवरून उतरवून ठेवलेली असतात. सीमाभागातल्या घरांत तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यात असतानाचे मराठी कागद आता स्कॅन करून ठेवायला सुरुवात झाली आहे. मूळ कागद वाळवीनं खाल्ला की डिस्कवरचं स्कॅनच मूळ कागद ठरतं. ते एका डिस्कवरून दुसरीवर नेताना हरवलं तर परत कुठून आणणार?

विंडोजमध्येच असलेला हमाल

या कामासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ नावाची एक सोय आधीपासून आहे. नावाचा यंत्रमानवाशी संबंध नाही, ‘रोबस्ट फाइल कॉपी’ म्हणजे दणकट कॉपी याचं ते छोटं रूप. १९९० च्या दशकात ती विंडोज एनटी चालवणाऱ्या कॉम्प्युटर विभागांसाठी वेगळ्या साधनसंचात मिळायची. विंडोज व्हिस्टापासून ती प्रत्येक विंडोजमध्ये आपोआप येते. तिला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं, एवढंच. म्हणून माणसं तिच्या वाटेला जात नाहीत.

पण बाजार समितीतल्या जुन्या हमालासारखं तिचं काम आहे. वाटेत थांबावं लागलं तर कुठपर्यंत आलो होतो ते तिला कळतं. एखादं पोतं फाटलेलं निघालं तर ते बाजूला ठेवून बाकीची उतरवते. आणि शेवटी किती पोती होती, किती उतरवली, किती राहिली याची चिठ्ठी हातात देते. माउसनं ओढून केलेल्या कॉपीत ही चिठ्ठीच मिळत नाही.

स्टार्ट बटण दाबून सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली की काळी खिडकी उघडते. खाली दिलेल्या ओळी देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना आज्ञा, ड्राइव्हचं अक्षर आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करायचे. रोबोकॉपी म्हणजे आर-ओ-बी-ओ-सी-ओ-पी-वाय. फोल्डरचं नाव मात्र मराठीत असेल तर मराठीतच लिहायचं, ते चालतं.

समजा जुना डेटा डी ड्राइव्हवर ‘लग्नं’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे आणि नवी डिस्क एफ म्हणून दिसते. तर ओळ अशी :

रोबोकॉपी "डी:\लग्नं" "एफ:\लग्नं" /ई /एल

पहिला पत्ता कुठून, दुसरा पत्ता कुठं. एसटीत कंडक्टरला ‘बेळगाव–सावंतवाडी’ सांगतो तसंच. हा क्रम कायम लक्षात ठेवायचा, कारण या सगळ्या प्रकारात माणसाच्या हातून होणारी सगळ्यात महागडी चूक याच क्रमाची असते. तिच्याकडे पुढं परत येऊच. /ई म्हणजे आतले सगळे फोल्डर घ्या, रिकामे असतील तरी घ्या. आणि /एल म्हणजे प्रत्यक्षात काहीही करू नका, काय करणार आहात त्याची फक्त यादी दाखवा. ही रंगीत तालीम. दर वेळी आधी ही करायचीच. यादीत जुन्या डिस्कवरच्या फाइल्स ‘न्यू फाइल’ म्हणून दिसल्या म्हणजे दिशा बरोबर आहे. यादी रिकामीच आली किंवा भलतंच काही दिसलं तर तिथंच थांबायचं.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, जसं ‘लग्न २०१९ मे’, तर पत्ता अवतरण चिन्हांतच हवा. आणि बंद होणाऱ्या अवतरण चिन्हाच्या आधी तिरकी रेघ ठेवायची नाही. "डी:\लग्नं\" असं लिहिलं तर ती रेघ पुढच्या चिन्हाला गिळते, पहिला आणि दुसरा पत्ता एकमेकांत मिसळतात आणि मग रोबोकॉपी काहीतरी अगम्य तक्रार करते. पहिल्यांदा वापरणारे बहुतेक इथंच अडकतात.

एका फाइलसाठी ३४७ दिवस

तालीम नीट झाली की खरी ओळ :

रोबोकॉपी "डी:\लग्नं" "एफ:\लग्नं" /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /युनिलॉग:"सी:\नोंद\लग्नं.टीएक्सटी" /टीईई

यातले /आर आणि /डब्ल्यू विसरायचे नाहीत. फाइल वाचता आली नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये किती सेकंद थांबायचं, हे त्यातून सांगितलं जातं. आपण काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी स्वतःच्या मनानं १०,००,००० वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. म्हणजे ३ कोटी सेकंद, म्हणजे ३४७ दिवस. एका खराब फोटोपुढं ती पुढच्या दिवाळीपर्यंत धरणं धरून बसेल. मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर, जिथं समोरचा सर्व्हर रात्रभर बंद राहून सकाळी सुरू होतो, तिथं या हट्टाला अर्थ होता. आपल्याकडच्या युएसबी डिस्कला दोन प्रयत्न आणि पाच सेकंद पुष्कळ झाले.

/युनिलॉग, म्हणजे यू-एन-आय-एल-ओ-जी, ही मराठी माणसाच्या खास कामाची गोष्ट आहे. काळ्या खिडकीत देवनागरी नावं बऱ्याचदा चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. घाबरायचं कारण नाही, फाइलच्या नावाला काही झालेलं नसतं, खिडकीच्या फॉन्टला ती अक्षरं येत नसतात. पण नोंदवहीतही तसंच उमटलं तर नेमकी कुठली फाइल राहिली हे नंतर कसं शोधणार? साध्या /लॉग ऐवजी /युनिलॉग वापरलं की नोंद युनिकोडमध्ये लिहिली जाते आणि नोटपॅडमध्ये उघडल्यावर ‘आईचे_कागद_१९५२’ हे ‘आईचे_कागद_१९५२’ असंच वाचता येतं. सी ड्राइव्हवर ‘नोंद’ हा फोल्डर आधी करून ठेवायचा. /टीईई मुळे नोंद फाइलमध्येही जाते आणि पडद्यावरही दिसत राहते.

मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर? तीच ओळ पुन्हा द्यायची. ज्या फाइल्स आकार आणि तारखेनं तंतोतंत जुळतात त्या ओलांडून ती पुढं जाते, अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा घेते. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. रोबोकॉपीचं खरं मोल इथं आहे.

वेळेचा अंदाज आधीच बांधलेला बरा. जुन्या युएसबी २ च्या पोर्टमधून सेकंदाला जेमतेम ३० मेगाबाइट जातात, म्हणजे ५०० गिगाबाइटला साडेचार तासांहून जास्त. निळ्या युएसबी ३ पोर्टला डिस्क लावली आणि सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग मिळाला तर तेच काम दीड तासाच्या आत. बारीक बारीक हजारो फाइल्स असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. आणि १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. माप वेगळं आहे, माल तेवढाच आहे.

पूर्ण डी ड्राइव्हच उचलायचा मोह टाळावा. मुळापासून कॉपी केली की विंडोजचे स्वतःचे बंद फोल्डर आडवे येतात, आणि ड्राइव्हच्या मुळाला असलेला ‘लपलेला’ हा गुण नव्या फोल्डरलाही चिकटतो. मग सगळा डेटा येऊनही दिसतच नाही आणि कॉपी झालीच नाही असं वाटतं. एकेक फोल्डर नावानं सांगून न्यावा. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर तेही आधी बंद करायचं, नाहीतर चालू वर्षाचीच फाइल ‘वापरात आहे’ म्हणून मागं राहते.

तेरीज जुळली म्हणजे काय झालं?

काम संपलं की खाली एक छोटा तक्ता येतो. आडव्या ओळींत फोल्डर, फाइल्स, बाइट्स. उभ्या रकान्यांत एकूण, कॉपी झालेल्या, ओलांडलेल्या, न जुळलेल्या, अयशस्वी आणि जादा. हा तक्ता वाचायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही, ज्यानं कधी कीर्द-खतावणी लिहिली आहे त्याला तो लगेच कळतो. एकूण हा आकडा कॉपी, ओलांडलेल्या, न जुळलेल्या आणि अयशस्वी यांच्या बेरजेइतका असला पाहिजे. ‘अयशस्वी’ म्हणजे एफ-ए-आय-एल-ई-डी हा रकाना शून्य हवा. ‘जादा’ म्हणजे नव्या डिस्कवर आधीपासून असलेल्या, जुनीवर नसलेल्या फाइल्स. त्या वेगळ्या, त्यांचा या बेरजेशी संबंध नाही.

अयशस्वी रकान्यात १ जरी दिसला तरी नोंदीची फाइल उघडून ई-आर-आर-ओ-आर हा शब्द शोधायचा. पुढं आकडा असतो. ५ म्हणजे परवानगी नाही. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमनं धरून ठेवली आहे. ११२ म्हणजे नव्या डिस्कवरची जागा संपली. आणि २३ आला तर गंभीर व्हायचं, कारण डिस्कच्या त्या जागेवरचा डेटा नीट वाचता येत नाही असा त्याचा अर्थ. जुनी डिस्क थकल्याची ती बहुतेक पहिली खूण असते.

समजा सगळं शून्य आलं. तेरीज जुळली. तरीही, हिशेबनीसाला माहीत असतं तसं, तेरीज जुळली म्हणजे नोंदी बरोबर आहेत असं होत नाही. रमेशच्या खात्यावरचे पाचशे सुरेशच्या खात्यावर गेले तरी बेरीज जुळतेच. रोबोकॉपी फाइलचा आकार आणि तारीख बघते, आतला मजकूर अक्षरन् अक्षर परत वाचून ताडून बघत नाही. सैल केबल, खराब पोर्ट, बनावट पेनड्राइव्ह यांमुळे आकार तोच पण आतला मजकूर बिघडलेला असं होऊ शकतं. क्वचित होतं, पण ज्याचं होतं त्याला क्वचित म्हणून समाधान मिळत नाही.

म्हणून जे परत मिळणार नाही, त्याची दुसरी तपासणी करायची. तिला हॅश म्हणतात. फाइल कितीही मोठी असो, तिच्या आतल्या प्रत्येक बाइटवर गणित करून ६४ अक्षरांचा एक अंगठा काढला जातो. आतला एक ठिपका जरी बदलला तरी अंगठा पार वेगळा येतो. दोन्ही डिस्कवरच्या फाइलचा अंगठा सारखा आला म्हणजे आतलं सगळं सारखं. एका फाइलसाठी काळ्या खिडकीत ही ओळ :

सर्टयुटिल -हॅशफाइल "एफ:\लग्नं\कागद.पीडीएफ" एसएचए२५६

हजारो फाइल्स असतील तर पॉवरशेल नावाची निळी खिडकी उघडून एकाच ओळीत सगळ्यांचे अंगठे काढता येतात :

गेट-चाइल्डआयटम "डी:\लग्नं" -रिकर्स -फाइल | गेट-फाइलहॅश | एक्स्पोर्ट-सीएसव्ही "सी:\नोंद\जुनी.सीएसव्ही" -एन्कोडिंग यूटीएफ८

मग पत्ता बदलून नव्या डिस्कसाठी ‘नवी.सीएसव्ही’. शेवटचं ‘एन्कोडिंग यूटीएफ८’ गाळलं तर विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, त्यामुळे ते ठेवायचंच. दोन्ही याद्या एक्सेलमध्ये उघडून व्हीलुकअपनं हॅशचा रकाना ताडून बघितला की जुळलं नाही ते आपोआप वर येतं. दुकानात स्टेटमेंट जुळवणाऱ्या मुलाला हे काम पाच मिनिटांत शिकवता येईल.

एक बारकावा. कॉपी झाल्याझाल्या लगेच अंगठे काढू नयेत. नुकतीच कॉपी झालेली फाइल कॉम्प्युटरच्या मेमरीतच शिल्लक असू शकते, आणि मग तपासणी डिस्कवरच्या फाइलची न होता मेमरीतल्या फाइलची होते. आधी ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढायची, परत लावायची आणि मग तपासायचं.

आरसा उलटा धरला तर

रोबोकॉपीत /एमआयआर नावाचा एक पर्याय आहे. एम-आय-आर, म्हणजे मिरर, आरसा. जुन्या डिस्कवर जे आहे तेच आणि तेवढंच नव्या डिस्कवर ठेवायचं. नव्यावर जे जादा असेल ते पुसून टाकायचं. दर आठवड्याला बॅकअप घेणाऱ्याला तो सोयीचा वाटतो, आणि बऱ्याच ठिकाणी हाच वापरा असा सल्लाही मिळतो.

आता समजा पत्ते उलटे पडले. नवी, रिकामी डिस्क पहिल्या जागी आणि वर्षानुवर्षांचे फोटो असलेली जुनी डिस्क दुसऱ्या जागी. आरसा सांगितलेलं काम इमानदारीनं करतो. रिकाम्या डिस्कवर काही नाही, म्हणून भरलेल्या डिस्कवरही काही ठेवत नाही. एकदाही विचारत नाही. हे पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

असं होतं कसं? बहुतेक वेळा ड्राइव्हच्या अक्षरामुळे. काल एफ असलेली डिस्क आज दुसरा पेनड्राइव्ह आधी लावलेला असल्यामुळे जी होते आणि एफ भलतंच काहीतरी होतं. कालची ओळ वहीतून बघून तशीच टाइप केली की संपलं. यावर एक साधा उपाय आहे. डिस्कला राइट क्लिक करून नाव द्यायचं, ‘जुनी’, ‘नवी’, आणि डिस्कवरही मार्करनं तेच लिहायचं. ओळ टाइप करण्याआधी ‘धिस पीसी’ उघडून कुठलं अक्षर कुणाचं आहे ते बघायचं. मग /एल लावून तालीम. आणि नुसतं हलवायचं काम असेल तर /एमआयआर कशाला लागतो? /ई पुरेसा आहे, तो काही पुसत नाही. /एमओव्ही आणि /मूव्ह हे पर्याय फाइल नेल्यावर मागची पुसतात, त्यांनाही हात लावू नये. पुसायचं काम माणसानं स्वतः करावं, नंतर, शांतपणे.

मराठी नावं आणि जुने फॉन्ट

विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत, २६० अक्षरांच्या वर गेला की नेहमीच्या पद्धतीनं कॉपी करताना अडचण येते. मराठी नावं इथं लवकर भरतात, कारण काना, मात्रा, वेलांटी, पायमोडी प्रत्येक वेगळी मोजली जाते. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर दहा मोजतो. ‘चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह सोहळा’ असे फोल्डर एकात एक ठेवायची सवय असेल तर मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. रोबोकॉपी असले लांब पत्तेही नेते, हा तिचा आणखी एक फायदा. पण तिथं पोचल्यावर ती फाइल साध्या प्रोग्रॅममधून उघडताना पुन्हा अडचण होऊ शकते, म्हणून नावं छोटी केलेली बरी.

नवी डिस्क कशी फॉरमॅट केली आहे तेही बघायला हवं. जुने पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये असतात आणि तिथं ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, डिस्क रिकामी असली तरी. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ नेमका तिथं अडतो आणि लोकांना वाटतं डिस्क खराब निघाली. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस, मॅकवरही लिहायची असेल तर एक्सफॅट. फॅट३२ वरच काम भागवायचं असेल तर ओळीत /एफएफटी जोडावं, कारण तिथं वेळेची नोंद दोन-दोन सेकंदांनी होते आणि न जोडल्यास दुसऱ्या वेळी त्याच फाइल्स नव्या समजून पुन्हा कॉपी होऊ शकतात.

छापखानेवाल्यांची आणि दिवाळी अंक काढणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. युनिकोड रुळण्याआधीचं मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती अशा संचांच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये झालेलं आहे. त्या फाइल्स रोबोकॉपीनं बिनचूक नेल्या, हॅश जुळला, तरी नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल पोचते, मजकूर पोचत नाही. म्हणून जुन्या कॉम्प्युटरच्या विंडोज फोल्डरमधले ते फॉन्टही त्याच डिस्कवर ‘फॉन्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायचे. जमल्यास त्याच जुन्या मशीनवर प्रत्येक अंकाची पीडीएफ काढून ठेवायची. ते मशीन एकदा भंगारात गेलं की हा मार्ग बंद.

डिस्क टकटक करत असेल तर

वरचं सगळं ठणठणीत डिस्कसाठी आहे. डिस्कमधून टकटक आवाज येतो, ती मधेच गायब होते, किंवा २३ नंबरची तक्रार पुन्हा पुन्हा येते, अशा वेळी रोबोकॉपी चालवत बसू नये. मरणाऱ्या डिस्कला एकच खराब जागा परत परत वाचायला लावणं म्हणजे दम्याच्या माणसाला तोच जिना पुन्हा पुन्हा चढायला लावणं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाची एक वेगळी सोय आहे. ती आधी जे सहज वाचता येतं ते सगळं काढून घेते, खराब जागा एका नकाशात टिपून ठेवते आणि शेवटी तिकडे वळते. मधे थांबवली तरी नकाशावरून पुढं चालू होते. लिनक्स जाणणारा कुणी हाताशी असेल तर त्याच्याकडून हे करून घ्यावं. आत खरंच मोलाचं काही असेल आणि आवाज येत असेल तर डिस्क बंद करून डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्यावी. यूट्यूब बघून डिस्क उघडू नये.

नावात साम्य असलेली डीडी ही त्याहून जुनी, युनिक्सच्या काळातली आज्ञा. ती फाइल बघत नाही, पूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवते. आय-एफ म्हणजे कुठून, ओ-एफ म्हणजे कुठं. ही दोन अक्षरं उलटली तर काय होतं हे आरशाच्या गोष्टीवरून कळलं असेलच. जाणकार तिला थट्टेनं ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात ते उगीच नाही.

मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांसाठी रोबोकॉपीच्या जागी आरसिंक आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती १९९६ मध्ये आणली आणि आज सर्व्हरच्या जगात ती सगळीकडे आहे. तिथं तालमीसाठी हायफन एन लावायचं. हायफन सी लावलं तर ती आकार-तारखेवर न थांबता आतला मजकूर ताडून बघते, म्हणजे हॅशचं काम तिच्यातच होतं. तिची एक खोड आहे. पहिल्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं सामान जातं, नाही दिली तर फोल्डरसकट जातं. एका रेघेचा फरक, पण समोर सगळं विखुरलेलं दिसतं तेव्हा जीव घाबरतो.

सीमाभागातल्या घरांत डिस्क बऱ्याचदा प्रवासालाही निघते. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत, आणि आजोबांच्या कागदांची स्कॅन बेळगावात. कुणीतरी जाणार असतो, त्याच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून डिस्क दिली जाते. अशा वेळी डिस्कबरोबर ‘जुनी.सीएसव्ही’ ही अंगठ्यांची यादीही द्यायची, आणि तीच यादी वेगळी ईमेलनंही पाठवायची. ती काही केबींची असते, मोबाइलवरूनही जाते. पलीकडच्यानं डिस्क लावून तिथं नव्यानं अंगठे काढायचे आणि यादीशी ताडून बघायचे. कुठली फाइल जुळली नाही तर तिचं नाव फोनवर सांगायचं, ती एकच फाइल परत पाठवता येते. ‘सगळं जुळलं’ असा फोन येईपर्यंत इकडची डिस्क कपाटातच राहू द्यायची. आणि फोन आल्यावरही ती पुसायची घाई कशाला? एक प्रत बेळगावात, एक पुण्यात, असं दोन गावांत असेल तरच त्याला बॅकअप म्हणायचं.